रॅपलिंग केलं म्हणजे क्लायंबिंग आलं असं नाही

पावसाळा सरला की व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टर फिरू लागतात: ‘रॉक क्लायंबिंग आणि रॅपलिंग, एक दिवस, चहा-नाश्ता-जेवणासह’. त्या दिवशी वर कुणीतरी अँकर (दोर बांधायचा पक्का आधार) लावलेला असतो, कुणीतरी तुमच्या हार्नेसचं (कमरेच्या आणि मांड्यांच्या पट्ट्यांचं) बक्कल आवळतं, कुणीतरी डिसेंडरमध्ये (दोरावरून उतरायच्या साधनात) दोर ओवून देतं आणि तुम्ही दोरावरून खाली उतरता, म्हणजे रॅपलिंग करता. मजा येते, यात वाद नाही. पण ज्यावर जीव अवलंबून होता असा एकही निर्णय दिवसभरात तुम्ही घेतलेला नसतो. इव्हेंट कुठला आणि कोर्स कुठला हे ओळखायला एक प्रश्न पुरतो: गाठ कोण मारणार? ‘आमची माणसं मारतील, तुम्ही काळजी करू नका’ असं उत्तर आलं, तर तो इव्हेंट समजा.

आपल्याकडे शिकण्याचा क्रमही बरेचदा उलटा असतो. रॅपलिंग दिसायला भारी आणि शिकवायला झटपट, म्हणून ते आधी येतं. बिले, म्हणजे दुसऱ्याचा दोर सांभाळणं, येतं शेवटी, किंवा येतच नाही. खरं तर प्रस्तरारोहणात सगळ्यात आधी शिकायची गोष्ट बिले हीच, कारण तुमच्या चुकीची किंमत दुसरा मोजतो.

नावाजलेल्या क्लायंबरांचे अपघात पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. १९८९ मध्ये फ्रान्समधल्या ब्यूक्स इथे लिन हिलने हार्नेसमधून दोर ओवला, पण गाठ पूर्ण केली नाही. रूट (चढाईची ठरलेली वाट) चढून झाल्यावर उतरण्यासाठी तिने दोरावर वजन टाकलं आणि ती वीस मीटरहून जास्त खाली कोसळली. वाटेतल्या झाडामुळे वाचली. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या इंडेक्स इथे अ‍ॅलेक्स हॉनोल्डला खाली सोडताना दोर कमी पडला, टोक बिले डिव्हाइसमधून (बिले करणाऱ्याच्या, दोर अडवणाऱ्या साधनातून) निसटलं आणि तो पडला; मणक्यांना इजा झाली. २०१९ मध्ये मेक्सिकोतल्या एल पोत्रेरो चिको इथे ब्रॅड गोब्राइट आणि त्याचा साथीदार एकाच दोराच्या दोन बाजूंनी एकाच वेळी उतरत होते. दोराच्या टोकांना गाठी नव्हत्या आणि एक बाजू आखूड होती. गोब्राइट गेला.

या तिघांपैकी कुणीही अवघड चढाईत पडलं नाही. दोर बांधताना, चढाई संपवून उतरायला लागताना, एका आधारावरून दुसऱ्या आधारावर जाताना घोळ होतो. कोर्समध्ये याच क्षणांचा सराव किती करून घेतात, हे बघायचं.

दोर ओळखणं

दोर दोन जातींचे. डायनॅमिक दोर ताणला जातो, पडणाऱ्याचा झटका पोटात घेतो. स्टॅटिक दोर (नेमकं बोलायचं तर सेमी-स्टॅटिक) फारसा ताणला जात नाही, म्हणून रॅपलिंग, झुमारिंग (पकड घेणाऱ्या साधनांनी दोरावर चढणं), सामान ओढणं आणि रेस्क्यू यांसाठी तो बरा. सिंगल डायनॅमिक दोराची युरोपीय चाचणी अशी असते की ८० किलो वजन अतिशय कडक फॉल फॅक्टरने (त्याचं गणित पुढे येतंय) पाडतात. पहिल्या फॉलला झटका १२ किलोन्यूटनच्या आत राहायला हवा आणि दोराने असे किमान ५ फॉल सोसायला हवेत. एक किलोन्यूटन म्हणजे ढोबळमानाने १०० किलोंचा भार. स्टॅटिक दोरावर लीड केलं, म्हणजे दोर खालून नेत सगळ्यात पुढे चढलात, आणि पडलात, तर दोर कदाचित टिकेल. कंबर, अँकर आणि मेख (कातळात ठोकलेला लोखंडी आधार) टिकेलच असं नाही.

रंगावरून दोर ओळखू नका. टोकाला पट्टी असते, ती वाचायला शिका. सिंगल डायनॅमिकवर वर्तुळात १ असतो, हाफ दोरावर (जो जोडीने वापरतात) वर्तुळात १/२. स्टॅटिकवर ईएन १८९१ आणि पुढे ए किंवा बी लिहिलेलं असतं. आपल्याला ए हवा. पट्टी नसलेला, ‘मार्केटमधून आणलेला’ दोर असेल तर तो सामान बांधायला वापरा.

फॉल फॅक्टर हे गणित मात्र वहीत मांडूनच समजून घ्या. पडण्याचं अंतर भागिले बाहेर असलेल्या दोराची लांबी. समजा लीडर बिले स्टेशनपासून (बिले करणारा अँकरला बांधून असतो त्या जागेपासून) ८ मीटर वर आहे आणि त्याचा शेवटचा रनर (वाटेत कातळाला लावलेला, दोर अडकवायचा आधार) ६ मीटरवर. तो पडला तर ४ मीटर खाली येईल, दोर ८ मीटर बाहेर आहे, फॅक्टर ०.५. आता तोच लीडर स्टेशनच्या फक्त २ मीटर वर आहे आणि मध्ये एकही रनर नाही. पडणं तेवढंच, ४ मीटर; पण दोर २ मीटर, फॅक्टर २. याहून वाईट काही नाही. म्हणून स्टेशन सोडल्यावर पहिला रनर जितका लवकर लागेल तितका बरा.

हेच गणित सेफ्टीच्या स्लिंगला, म्हणजे स्वतःला अँकरशी जोडायच्या पट्टीला, लावून बघा. ६० सेंटिमीटरच्या डायनीमा (एक मजबूत कृत्रिम धागा) स्लिंगने तुम्ही अँकरला जोडलेले आहात आणि फोटोसाठी अँकरच्या वर चढून उभे राहिलात. पाय सटकला तर १.२ मीटरचा फॉल, फॅक्टर पुन्हा २, आणि डायनीमा जवळजवळ ताणलंच जात नाही. त्यात स्लिंगला गाठ मारलेली असेल तर ती चक्क तुटू शकते. सेफ्टी नेहमी ताणात ठेवायची आणि अँकरच्या वर जायचं नाही.

दोराचा खरा शत्रू कपारीपेक्षा कधीकधी घरात असतो. बॅटरीतलं अ‍ॅसिड किंवा त्याची वाफ नायलॉनला आतून खाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. त्यामुळे इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी दोर ठेवू नये, जीपच्या डिकीत तेला-बॅटरीजवळ तर नाहीच. प्रत्येक वापरानंतर दोर पूर्ण लांबी हातातून सरकवून तपासायचा. कुठे मऊ पडलाय, चपटा झालाय, फुगलाय, आवरण फाटून आतला पांढरा गाभा दिसतोय का, हे बोटांना कळतं. दोराचा लहान फास करून दाबा. तो गोलाई न धरता कागदासारखा घडी होत असेल तर तिथला गाभा गेलेला आहे.

गाठ, हार्नेस आणि एकमेकांची तपासणी

हार्नेसचा कंबरपट्टा कमरेच्या हाडांच्या वर बसला पाहिजे, इतका की उलटं लटकलात तरी निसटणार नाही. जुन्या पद्धतीच्या बक्कलमधून पट्टा पुन्हा उलटा ओवावा लागतो आणि शेपटी ७-८ सेंटिमीटर तरी उरली पाहिजे. दोर बांधायचा तो पायपट्टा आणि कंबरपट्टा या दोन्ही टाय-इन पॉइंटांतून, म्हणजे बिले लूप (समोरचा शिवलेला गोल पट्टा) ज्या वाटेने गेलाय त्याच वाटेने. बिले डिव्हाइस आणि डिसेंडर बिले लूपला. बाजूचे गिअर लूप फक्त सामान लटकवायला असतात, त्यांना माणूस अडकवायचा नाही. बिले लूप भक्कम असतो, पण अमर नसतो: २००६ मध्ये अमेरिकेतल्या योसेमिटीत क्लायंबर टॉड स्किनर रॅपल करताना त्याचा झिजलेला बिले लूप तुटला आणि तो मृत्युमुखी पडला. संस्थेचे हार्नेस शेकडो लोकांनी वापरलेले असतात. अंगात घालण्याआधी लूप फिरवून, उलटवून बघा. बघितल्याचा कुणाला राग आला तर येऊ द्या.

फिगर ऑफ एट (आठच्या आकाराची गाठ) मारताना दोराच्या टोकापासून साधारण हातभर अंतरावर आठ करा. टोक खालून वर, आधी पायांच्या, मग कमरेच्या पॉइंटातून न्या आणि आठाच्या मागोमाग शेवटपर्यंत ओवत जा. पूर्ण झाल्यावर गाठीत समांतर दोरांच्या पाच जोड्या मोजता आल्या पाहिजेत. शेपटी किमान वीतभर ठेवा आणि चारही बाजू एकेक करून आवळा. सैल गाठ कपारीत अडकते, दोर एकमेकांवर चढलेले असतील तर तपासायला अवघड जाते. आणि एक नियम घालून घ्या: गाठ मारणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही, गाठ सुरू केली की ती संपल्याशिवाय बुटाची नाडीसुद्धा बांधायची नाही. लिन हिलच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं, मध्येच ती बूट बांधायला गेली.

चढण्याआधी दोघांनी एकमेकांना तपासायचं. नजरेने नाही, हात लावून. दोघांची बक्कलं, क्लायंबरची गाठ, बिलेयरचं डिव्हाइस योग्य दिशेने लावलंय का, स्क्रूगेट (फिरकीने बंद होणारा कॅराबिनर, म्हणजे धातूची कडी) बंद आहे का, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला गाठ आहे का. शेवटचं कलम बहुतेक ठिकाणी गाळलं जातं. हॉनोल्डला खाली सोडताना टोकाला ती गाठ असती तर ती डिव्हाइसमध्ये अडकली असती.

किमान इतक्या गाठी हातात बसल्याशिवाय कड्यावर जाऊ नका: फिगर ऑफ एट (ओवलेला आणि फासाचा), क्लोव्ह हिच, मंटर हिच, डबल फिशरमन, प्रुसिक आणि ऑटोब्लॉक (या शेवटच्या दोन दोरावर गुंडाळायच्या आणि भार आला की पकडणाऱ्या). ‘हातात बसल्या’ म्हणजे डोळे मिटून, ग्लोव्ह्ज घालून, एका हाताने क्लोव्ह हिच जमली पाहिजे.

बिले

ट्यूब डिव्हाइसवर (दोर वाकवून घर्षणाने थांबवणाऱ्या साध्या साधनावर) ब्रेकचा हात, म्हणजे दोराची मोकळी बाजू धरणारा हात, कधीही दोरावरून उठत नाही. क्लायंबर चढला की दोर वर ओढून घ्या, लगेच ब्रेकची बाजू खाली आणा, दुसरा हात ब्रेकच्या हाताखाली दोरावर ठेवा, मग ब्रेकचा हात सरकवून डिव्हाइसजवळ घ्या. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे दोर ओढताना ब्रेकचा हात वरच राहतो, दोन्ही दोर समांतर होतात आणि त्या क्षणी ब्रेकच नसतो. म्हणून पहिल्या दिवशी बिलेयरच्या मागे दुसऱ्याने दोराची शेपटी धरलेली असलीच पाहिजे. जमिनीवर शंभरदा करून घेतल्यावरच खरा माणूस दोरावर चढवायचा.

ग्रिग्रीसारखी, झटका बसला की दोर आवळणारी डिव्हाइस बरीच मदत करतात, पण तिथे वेगळ्या चुका होतात. दोर पटकन द्यायला कॅम (दोर आवळणारा आतला भाग) अंगठ्याने दाबून धरतात आणि सोडायला विसरतात, किंवा खाली सोडताना लिव्हर घाबरून पूर्ण खेचतात. दोर उलटा ओवला तर ती पकडतच नाहीत. त्यामुळे प्रत्येक वेळी क्लायंबरच्या बाजूचा दोर झटकून बघायचा. आपल्याकडे अजून खूप ठिकाणी चालणारा फिगर-एट डिसेंडर (गाठ नव्हे, आठच्या आकाराची धातूची कडी) रॅपलिंगला ठीक आहे, बिलेला मात्र घर्षण कमी देतो आणि दोराला पीळ घालतो.

बिलेयरने कड्यापासून पाच-सहा मीटर मागे जाऊन बसणं ही सवय मोडा. झटका आला की तो कड्याकडे खेचला जातो आणि तेवढा क्लायंबर खाली येतो. कड्याजवळ, पण क्लायंबरच्या सरळ खाली नाही, असं उभं राहा. हेल्मेट दोघांनाही, कारण सह्याद्रीत दगड पडणार आहेत, प्रश्न फक्त कधी एवढाच. हाका नावासकट द्या. ‘टाइट!’ अशी नुसती हाक आली आणि शेजारी दुसरा ग्रुप असेल तर भलताच बिलेयर दोर आवळतो.

कातळ आणि अँकर

काळा बेसाल्ट भक्कम, हे अर्धसत्य आहे. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर चढून झालाय. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो, माथ्याकडे बुडबुड्यांची छिद्रं असतात, आणि दोन थरांमध्ये कधीकधी लाल मातकट पट्टा येतो जो हाताला चुरतो. होल्ड धरण्याआधी मुठीने ठोका. पोकळ आवाज आला तर बाहेर ओढू नका. नाइलाज असेल तर खाली दाबून वापरा. बोल्ट किंवा मेख बसवायची तर मधल्या घट्ट भागात. छिद्रांच्या भागात बोल्ट छान आत जातो आणि तितकाच छान बाहेरही येतो.

जुन्या सुळक्यांवर पूर्वीच्या मेखा आणि बोल्ट असतात. बाहेर दिसणारा गंज वरवरचा असू शकतो, पण पावसाळ्याचे चार महिने पाणी झिरपून कातळाच्या आत काय झालंय हे कळत नाही. हातोडीने हलके ठोका: खणखणीत आवाज आणि हालचाल शून्य असेल तर वापरायचा विचार करा, बद्द आवाज आला तर सोडून द्या. आणि एकट्या जुन्या मेखेवर दोन माणसांचं स्टेशन कधीच नाही. झाड घ्यायचं तर जिवंत, मांडीएवढं जाड आणि मुळं खोल गेलेलं. कड्याच्या काठावर वीतभर मातीत उभ्या असलेल्या झाडाला माणूस टांगू नये.

दोन बोल्टांवरून मास्टर पॉइंट (सगळा भार जिथे येतो ती एक जागा) असा करतात: ७ मिलिमीटर जाडीची ६ मीटर नायलॉन कॉर्ड डबल फिशरमनने जोडून फास करा, दोन्ही बोल्टांतल्या कॅराबिनरमध्ये अडकवा, मधला पदर खाली ओढा, भार ज्या दिशेने येणार त्या दिशेला सगळं खेचून धरा आणि एकच मोठी गाठ मारा. आता एक बोल्ट निघाला तरी दुसरा झटका न बसता भार घेईल. टॉप-रोपचा (वरच्या अँकरमधून खाली येणारा) दोर मास्टर पॉइंटवर दोन स्क्रूगेटमधून जातो, त्यांची तोंडं विरुद्ध दिशेला. दोर थेट स्लिंगमधून कधीच ओवू नका. सरकत्या नायलॉनखाली स्थिर नायलॉन वितळतो, आणि डायनीमा तर साधारण १४५ अंशांनाच वितळतं.

दोन बाजूंमधला कोन जितका मोठा, तितका प्रत्येक बोल्टवर भार जास्त. ६० अंशांना प्रत्येकावर साधारण ५८ टक्के, ९० अंशांना ७१ टक्के, १२० अंशांना पूर्ण १०० टक्के, म्हणजे दोन बोल्ट लावून फायदा शून्य. १५० अंशांना प्रत्येकावर भाराच्या जवळजवळ दुप्पट ताण येतो. बोल्ट लांब असतील तर कॉर्ड लांब घ्या. दोन बोल्टांतून एकच फास त्रिकोणात फिरवून खाली वजन लावण्याची पद्धत अजून दिसते. ती टाळा, त्यात कमी कोनातही भार वाढतो.

काठ धारदार असेल तर दोराखाली गोणपाट किंवा जाड कॅनव्हास घाला, आणि ते स्वतंत्र दोरीने बांधा, नाहीतर दुसऱ्या माणसाच्या वेळी ते खाली दरीत असतं.

उतरताना

रॅपलसाठी आधी सेफ्टी अँकरला. मग दोराचा मध्य अँकरवर, दोन्ही टोकांना वेगवेगळ्या गाठी, प्रत्येकीची शेपटी ३० सेंटिमीटर. ‘रोप!’ अशी हाक देऊन दोर टाका आणि दोन्ही टोकं जमिनीवर किंवा पुढच्या स्टेशनवर पोचली का ते डोळ्यांनी बघा. डिव्हाइस हार्नेसपासून स्लिंगने थोडं लांब, छातीजवळ येईल असं घ्या. त्याच्या खाली, बिले लूपला, ५-६ मिलिमीटर कॉर्डचा ऑटोब्लॉक लावा. हात सुटला तर तो तुम्हाला धरतो. मात्र ऑटोब्लॉकचा फास इतका लांब नको की तो डिव्हाइसला टेकेल. टेकला की तो पकडत नाही. मग सेफ्टी न काढता डिव्हाइसवर पूर्ण वजन टाकून बघा. सगळं धरतंय याची खात्री झाली की मगच सेफ्टी काढा. या एका पायरीत जवळपास सगळ्या चुका उघड होतात आणि तिला लागतात दहा सेकंद.

केस, हेल्मेटचा पट्टा, सैल टी-शर्ट डिव्हाइसपासून दूर. उड्या मारत उतरणं सिनेमात ठीक. प्रत्यक्षात प्रत्येक उडीला अँकरवर झटका बसतो आणि काठावर दोर घासतो. खाली उतरलेल्याने दोर ओढण्याआधी टोकांच्या गाठी सोडायच्या, नाहीतर गाठ वर जाऊन अडकते. दोर अडकलाच आणि फक्त एकच टोक हातात असेल, तर त्यावर चढून जाऊ नका. तो कशात अडकलाय हे तुम्हाला माहीत नाही.

कोर्सच्या शेवटच्या दिवशी निदान दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत: दोन प्रुसिकांवर दोर चढणं, आणि लटकलेल्या माणसाचा भार बिलेयरच्या अंगावरून अँकरवर नेणं. हे फोटोत चांगलं दिसत नाही, म्हणून वगळलं जातं. जमिनीपासून मीटरभर उंचीवर सराव करा. १०-११ मिलिमीटरच्या दोरावर ६ मिलिमीटरची प्रुसिक कॉर्ड, तीन वेढे. दोर ओला असेल तर चार.

कोर्स निवडताना

उत्तरकाशीची निम (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग, १९६५) किंवा दार्जिलिंगची एचएमआय (हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट, १९५४) यांचा साधारण चार आठवड्यांचा बेसिक कोर्स पक्की शिस्त लावतो. पण त्यात कातळावरचे दिवस थोडे, बाकी बर्फ आणि उंची. ते प्रमाणपत्र घेऊन आलात म्हणून सह्याद्रीतल्या सुळक्यावर लीड करता येतं असं नाही. त्यासाठी इथल्या जुन्या संस्थांचे, अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाशी जोडलेल्या क्लबांचे रॉक क्लायंबिंग कोर्स उपयोगी पडतात. मुंब्रा, कान्हेरी, सिंहगड या परिसरातल्या कातळावर कितीतरी पिढ्या याच वाटेने तयार झाल्या. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यातली नोंदणी आहे का विचारा. पण नोंदणीने कागद कळतात, गाठी नाही.

इन्स्ट्रक्टरमागे सहापेक्षा जास्त विद्यार्थी असतील तर बिलेचा सराव नीट होत नाही असं माझं मत. जखमीला खाली कसं आणणार, स्ट्रेचर कुठे आहे, जवळचं हॉस्पिटल कोणतं, गाडी कुठे उभी असेल, हे विचारा आणि उत्तर किती पटकन येतं ते बघा. चढण्याआधी कड्यावर आग्यामोहोळ आहे का हे ते दुर्बिणीने पाहतात का? अंगाला अत्तर किंवा डिओडरंट लावून येऊ नका, कड्याखाली सिगारेट किंवा शेकोटी नको. माश्या उठल्या तर दोरावरच्या माणसाला ताबडतोब खाली घेणं हे बिलेयरचं पहिलं काम, आणि पळताना त्याने दोर सोडायचा नसतो. कोर्सच्या सुरुवातीलाच हे ठरलेलं असावं.

सामान घ्यायचं तर आधी हेल्मेट, मग हार्नेस, मग डिव्हाइस आणि स्क्रूगेट, दोन प्रुसिक कॉर्ड. दोर सगळ्यात शेवटी. कापडी सामान, म्हणजे दोर, स्लिंग, हार्नेस, कधीही जुनं विकत घेऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. हार्नेस दुकानात लटकून बघा. पाच मिनिटं लटकल्यावर मांडीत कळ येत असेल तर तो मोठ्या कड्यावर तासभर सहन होणार नाही.